मीरतचा निकाल आणि पक्षबंदीचा जाहीरनामा : एका रूढ विधानाची परीक्षा

“हिंदी कम्युनिस्ट पक्ष मीरतच्या कोर्टानें बेकायदा ठरविला” अशा अर्थाचें विधान मराठी लेखांत, स्मरणिकांत आणि व्याख्यानांत इतक्या वेळां वाचावयास व ऐकावयास मिळतें कीं, तें आतां परीक्षेच्या पलीकडे गेलें आहे असेंच कोणास वाटावें. विधान करणारे दोन्ही बाजूंचे असतात. पक्षाचे अभिमानी त्यायोगें न्यायासनास दोष देतात. पक्षाचे विरोधक त्याच विधानानें बंदीस न्यायासनाची प्रतिष्ठा मिळवून देतात. एकाच चुकीचा दोघांसही उपयोग होत असल्यामुळें ती दुरुस्त करण्याची निकड कोणासच भासली नाहीं. आमच्या मतें हें विधान खोटें आहे. तें खोटें कसें, हें दाखवितांना त्या काळच्या कागदपत्रांच्या स्वरूपाविषयीं जे प्रश्न उपस्थित होतात, ते जुन्या कागदांचा संग्रह व परीक्षा करणाऱ्या आमच्या वाचकांस राजकीय वादाहून अधिक महत्त्वाचे वाटतील, असा आमचा समज आहे.

प्रथम घटनांचा क्रम. १९२१ सालीं श्रीपाद अमृत डांगे या तरुणानें ‘गांधी विरुद्ध लेनिन’ या विषयावर एक लहान इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि पुढील वर्षीं मुंबईंत ‘सोशॅलिस्ट’ नांवाचें इंग्रजी साप्ताहिक काढलें. १९२४ च्या मे महिन्यांत कानपूरच्या खटल्यांत डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्त या चौघांस चार चार वर्षांची शिक्षा झाली. १९२७ सालीं मुंबईंत कामकरी-शेतकरी पक्ष स्थापन होऊन त्याचें ‘क्रांति’ हें मराठी साप्ताहिक निघालें. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या कापडगिरण्यांचा प्रचंड संप चालला. त्या संपांत जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस ५४,००० वर गेली होती. ज्या मंडळीचें वाचकवर्तुळ चार वर्षांपूर्वीं कांहीं शेंकड्यांचें, तिच्यामागें आतां गिरणगांव उभें राहिलें. सरकारचें लक्ष पुस्तकाकडे नव्हे, या संख्येकडे गेलें, हें विसरूं नये.

२० मार्च १९२९ रोजीं मुंबई, पुणें, कलकत्ता, पंजाब व संयुक्त प्रांत येथें एकाच दिवशीं धरपकड होऊन ३१ इसम पकडले गेले. मागाहून हचिन्सन नांवाचा एक इंग्रज पत्रकार त्यांत घातला गेला. मुंबई इलाख्यांतील डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, डॉ. गंगाधर अधिकारी, गिरणी कामगारांचे पुढारी आळवे व कासले, आणि वृद्ध इंजिनियर ठेंगडी हे आरोपींत होते. ठेंगडी खटला चालू असतांनाच वारले. आरोप होता हिंदी दंडसंहितेच्या कलम १२१-अ खालीं, म्हणजे बादशहाचें ब्रिटिश हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा. मुंबईस किंवा कलकत्त्यास खटला भरला असता तर तो ज्यूरीपुढें चालवावा लागला असता. मीरतेस ज्यूरी नव्हती, केवळ असेसर होते. सेशन्स जज्ज यॉर्क यांनीं १६ जानेवारी १९३३ रोजीं निकाल देऊन २७ जणांस शिक्षा सांगितल्या. मुझफ्फर अहमद यांस जन्मठेप काळें पाणी, डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि इंग्रज आरोपी स्प्रॅट यांस बारा वर्षें, मिरजकर, उस्मानी आणि दुसरे इंग्रज आरोपी ब्रॅडली यांस दहा वर्षें, याप्रमाणें. त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर शाह मुहम्मद सुलेमान व न्यायमूर्ति यंग यांनीं अपिलाचा निकाल दिला. कटाचा गुन्हा त्यांनीं मान्य केला. परंतु मुझफ्फर अहमद व डांगे यांच्या शिक्षा तीन वर्षांवर आणिल्या, आळवे व कासले यांसह कित्येकांस निर्दोष सोडलें, आणि मतांमुळें घडणाऱ्या राजकीय अपराधांस जबर शिक्षा दिल्यास अपराध्याचें मत दृढच होतें, अशा आशयाचा अभिप्राय नमूद केला.

आतां आमचा प्रश्न असा कीं, या दोन्ही निकालांत पक्षास बेकायदा ठरविणारी आज्ञा कोठें आहे? ती कोठेंच नाहीं.

येथें मीमांसकांनीं केलेला एक भेद उपयोगी पडतो. वेदवाक्यांत विधि कोणता व अर्थवाद कोणता हें ते प्रथम ठरवितात. विधि म्हणजे अमुक करावें अशी आज्ञा. अर्थवाद म्हणजे त्या आज्ञेच्या आधारार्थ आलेलें वर्णन, स्तुति, निंदा किंवा पूर्ववृत्त. अर्थवाद कितीही लांब असला तरी त्यांतून स्वतंत्र आज्ञा निघत नाहीं. मीरतच्या निकालास हीच कसोटी लाविली तर असें दिसतें कीं, मॉस्कोची आंतरराष्ट्रीय संस्था, तिचे ठराव, हिंदुस्थानांतील पक्षाची वाढ, त्याचे हेतु, यांविषयींचा सर्व मजकूर अर्थवादाच्या सदरांत पडतो. विधि एवढाच कीं अमुक इसमानें इतकीं वर्षें शिक्षा भोगावी. न्यायासनापुढें जे उभे होते ते इसम होते, संस्था नव्हती. त्या इसमांतले सर्वजण पक्षाचे सभासदही नव्हते. कांहीं तर केवळ मजूरसंघांचे कार्यकर्ते होते. शेंकडों पानें पक्षाविषयींच असलेला ग्रंथ वाचून झाल्यावर वाचणाराची अशी समजूत व्हावी कीं शिक्षा पक्षासच झाली, हें स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक चूक ही चूकच होय.

पक्षाच्या बंदीचा खरा विधि दुसऱ्याच कागदांत आहे. तो कागद म्हणजे जुलै १९३४ मधील हिंदुस्थान सरकारचा जाहीरनामा. त्याचा आधार १९०८ सालचा फौजदारी कायदा दुरुस्तीचा कायदा. हा कायदा मुळांत बंगालमधील क्रांतिकारक समित्यांसाठीं केलेला होता, आणि १९०९ च्या आरंभींच अनुशीलन समितीवर त्याचा प्रयोग झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एखादी संस्था सार्वजनिक शांततेस किंवा राज्यकारभारास धोक्याची आहे असें सरकारचें ‘मत’ झालें कीं सरकारनें गॅझेटांत तसें प्रसिद्ध करावें. प्रसिद्धीबरोबर संस्था बेकायदा. नोटीस नाहीं, उत्तर नाहीं, पुरावा नाहीं, न्यायाधीश नाहीं. सभासद होणें, वर्गणी देणें, सभेस जाणें हे त्या क्षणापासून गुन्हे. मीरतच्या एका खटल्यास साडेचार वर्षें लागलीं; पक्ष बेकायदा ठरविण्यास गॅझेटाचीं चार ओळी पुरल्या. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें मुंबईच्या गिरण्यांत पुन्हां सार्वत्रिक संप झाला होता, आणि मीरतेहून सुटलेलीं माणसें पुन्हां कामगारांत हिंडूं लागलीं होतीं. कोर्टाच्या मार्गानें जें साधलें नाहीं तें साधण्यासाठीं सरकारनें पंचवीस वर्षांपूर्वींचें हत्यार म्यानांतून काढलें, असा या कालक्रमाचा आमच्या मतें सरळ अर्थ आहे. बंदी जुलै १९४२ मध्यें उठली, तीही सरकारच्याच हुकुमानें.

यावर एक आक्षेप संभवतो. हायकोर्टानें कट मान्य केला नसता तर सरकारास पक्षबंदी इतक्या निर्धास्तपणें करतां आली नसती. म्हणून बंदी परंपरेनें कोर्टाचीच. निकाल व बंदी यांचा संबंध काकतालीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं, संबंध आहेच. परंतु कारणाचें साहाय्य करणारें आणि कार्याचा कर्ता हे दोन निराळे. शिवाय हे दोन मार्ग भिन्न आहेत हें खुद्द त्या काळच्या मंडळीस पूर्ण ठाऊक होतें. १९२९ च्या एप्रिलमध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत सार्वजनिक सुरक्षिततेचें बिल चर्चेस आलें असतां अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनीं सरकारास असें सुचविलें कीं, मीरतचा खटला कोर्टांत आहे, त्याच विषयाची चर्चा येथें झाल्यास खटल्यास बाध येईल. तेव्हां खटला तरी काढून घ्या, नाहीं तर बिल तरी पुढें ढकला. सरकारनें दोन्ही नाकारलें. पुढें अध्यक्षांनीं बिलाची चर्चा नियमबाह्य ठरविली, आणि व्हाइसरॉयांनीं वटहुकूम काढून तो कायदा अमलांत आणिला. न्यायासन व राजाज्ञा यांतील भेद विठ्ठलभाईंस दिसत होता. आज तो आमच्या लेखकांस दिसूं नये याचें नवल वाटतें.

येथवर विधानाची परीक्षा झाली. परंतु ही चूक इतकी पक्की कां बसली, याचें आमच्या मतें एक कागदोपत्री कारण आहे, आणि तेंच आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. बंदीचा जाहीरनामा अर्ध्या पानाचा. मीरतचें दप्तर पहा : पुराव्याचे मोठ्या आकाराचे २५ छापील खंड, फिर्यादीच्या बाजूचे ३,५०० हून अधिक दस्तऐवज, बचावाचे १,५०० वर, ३२० साक्षीदार, आणि निकालाचीं ६७६ पानें. पक्षाच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास लिहूं पाहणारास या दप्तराशिवाय गत्यंतरच नाहीं. पत्रें, हिशेब, सभांचीं टिपणें, ‘क्रांति’चे अंक, हस्तपत्रकें, जें जें पोलिसांनीं घरांतून व कचेऱ्यांतून उचललें तें तें क्रमांक पडून जपलें गेलें; जें त्यांच्या हातीं लागलें नाहीं त्यांतलें बहुतेक नष्ट झालें. एका पक्षाचें दप्तर त्याच्या शत्रूनें सांभाळलें! मराठ्यांच्या इतिहासांत कंपनी सरकारच्या दप्तरांवर विसंबून राहण्याची पाळी ज्यांवर आली आहे, त्या आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. आणि त्यांतील धोकाही अपरिचित नाहीं. दप्तर जमविणाराचा हेतु दप्तराच्या निवडींत उतरतो. फिर्यादीस कट सिद्ध करावयाचा होता, म्हणून मॉस्को, बर्लिन व लंडन येथील पत्रव्यवहार पुढें आला. चाळीतल्या एखाद्या जॉबरशीं झालेल्या भांडणाचा कागद जप्त झाला असला तरी तो कशास छापावा? या दप्तरावरून लिहिलेल्या इतिहासांत पक्ष परदेशी सूत्रांनीं हालणाऱ्या बाहुलीसारखा दिसतो याचें एक कारण असें कीं, सूत्रांचेच कागद तेवढे निवडून छापले गेले.

दुसरा धोका पाठाचा. मुंबईच्या संपांतील मराठी भाषणें या दप्तरांत पुष्कळ आहेत. तीं तेथें कशीं आलीं? वक्ता मराठींत बोलला. पोलिसांच्या लघुलेखकानें तें लघुलिपींत टिपलें. मागाहून त्यानें तें बाळबोधींत उतरलें. मग भाषांतरकारानें इंग्रजी केलें. तें मुद्रकानें जुळविलें. वक्त्याच्या मुखापासून छापील खंडापर्यंत चार हात झाले. एखाद्या बखरीची चौथ्या हाताची नक्कल समोर आली तर आपण तिच्या एकेका शब्दावर सिद्धान्त उभारूं काय? परंतु या भाषणांच्या बाबतींत तसें सर्रास होतें, आणि तें इंग्रजी पुन्हां मराठींत आणून ‘अमुक पुढारी असें म्हणाले’ म्हणून अवतरणचिन्हांत घातलें जातें! मूळ मराठी वाक्य कोठेंही उपलब्ध नसतां तें बनविण्याचा हा उद्योग आम्हांस अक्षम्य वाटतो. पुढारी तसें म्हणाले नव्हते. पांचव्या हातानें तें त्यांच्या तोंडीं घातलेलें आहे.

खुद्द ‘क्रांति’ या नांवाचेंच पहा. क्रम् धातूपासून निघालेला हा शब्द संस्कृतांत पाऊल टाकणें, ओलांडणें या अर्थाचा. ज्योतिषांत तो सूर्यादिकांचें विषुववृत्तापासूनचें अंतर दाखवितो, आणि क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा आकाशांतील मार्ग. राज्य उलथून पाडण्याचा अर्थ त्यास अर्वाचीन काळीं देशी भाषांत मिळाला. १९२७ च्या मराठी वाचकाच्या कानांत या शब्दाबरोबर काय काय वाजत असेल? कोणास संक्रांतहि आठवली असेल! इंग्रजी भाषांतरांत या सर्वांच्या जागीं एकच शब्द येतो, आणि तो कलम १२१-अ च्या पुढें येऊन बसतो. (गंमत अशी कीं, त्या इंग्रजी शब्दाचें मूळही ग्रहांच्या परिभ्रमणांतच आहे, परंतु फिर्यादीच्या वकिलास त्याशीं कर्तव्य नव्हतें.) साप्ताहिकाचे लेखक निरुपद्रवी होते असें आमचें म्हणणें नाहीं, त्यांस राज्य उलथावयाचेंच होतें, आणि तसें त्यांनीं कोर्टांत लपविलेंही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांच्या शब्दांचें वजन मूळ मराठींत तोलावें, भाषांतरांत नव्हे.

आमच्या करवीरक्षेत्रास या बाबतींत एक जुना अनुभव आहे. १९०८ सालीं येथील ‘विश्ववृत्त’ मासिकांत पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयींचा लेख प्रसिद्ध झाला. विषय वेदांतील प्रार्थनांचा, लेखक संस्कृतज्ञ, संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर. त्या लेखावरून राजद्रोहाचा खटला होऊन विजापूरकरांस कारावास झाला, आणि पुढें ‘रागिणी’ कादंबरीनें प्रसिद्धीस आलेले वामन मल्हार जोशी यांस तीन वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. ज्या ऋचा सहस्रावधि वर्षें म्हटल्या जात आहेत, त्या मराठी लेखाच्या द्वारें कोर्टांत जातांच राजद्रोहाचा पुरावा झाल्या. ज्या वर्षीं हा लेख निघाला त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो फौजदारी दुरुस्तीचा कायदाही झाला. वेदप्रार्थनेच्या लेखास शिक्षा करणारा काळ आणि पक्षबंदीचें हत्यार घडविणारा काळ एकच होता, एवढी नोंद या ठिकाणीं पुरे.

मीरतच्या दप्तरांत मात्र एक भाग असा आहे कीं जेथें भाषांतराचा अडथळा नाहीं. अठरा कम्युनिस्ट आरोपींनीं मिळून एक दीर्घ निवेदन तयार केलें व तें निंबकरांनीं कोर्टांत वाचलें. पक्षाचें तत्त्वज्ञान, शेतकऱ्यांचा प्रश्न, संस्थानें, मजूरसंघ, सर्व विषय त्यांत क्रमानें आले आहेत. बाहेर असतां या मंडळीस एवढा ग्रंथ लिहावयास फुरसत झाली नसती आणि छापावयास पैसा मिळाला नसता. सरकारनें त्यांस फुरसत दिली, श्रोते दिले आणि सरकारी खर्चानें तो छापलाही. आमच्या मतें त्या काळच्या पक्षविचाराचा सर्वांत विश्वसनीय पाठ हाच. कारण तो लेखकांनीं स्वतः, विचारपूर्वक, नांवानिशीं दिलेला आहे. त्याची मराठी आवृत्ति सटीप प्रसिद्ध करण्याचें काम एखाद्या मंडळानें अंगावर घेण्यासारखें आहे.

शत्रूच्या दप्तरांतला कागद किती अनर्थ करूं शकतो याचें उदाहरण पुढें १९६४ सालीं घडलें. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत कानपूरच्या खटल्याच्या वेळचीं, १९२४ सालचीं, कांहीं पत्रें सांपडलीं. त्यांत डांगे यांनीं तुरुंगांतून सरकारास सेवा देऊं केल्याचा मजकूर होता. मार्चमध्यें मुंबईच्या ‘करंट’ या इंग्रजी साप्ताहिकानें हें प्रकरण छापलें. डांगे यांनीं व त्यांच्या पक्षाच्या कार्यकारी मंडळानें पत्रें बनावट असल्याचें सांगितलें. एप्रिलमध्यें राष्ट्रीय कौन्सिलाचे ३२ सभासद सभात्याग करून गेले, आणि त्या वर्षअखेर पक्ष दुभंगला. चीनविषयक मतभेद वगैरे कारणें होतींच. परंतु ठिणगी पडली ती एका दप्तराच्या रुमालांतून.

या पत्रांच्या खरेपणाविषयीं जो वाद झाला त्यांत सहीच्या रूपावर पुष्कळ भर दिला गेला. पत्रांखालीं ‘श्रीपत’ आहे, डांगे ‘श्रीपाद’ लिहीत. म्हणून पत्रें खोटीं, असा एक युक्तिवाद. नांवाच्या रूपावरून निर्णय करूं पाहणारांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, आपल्या संग्रहांतील एकाच कारकुनाच्या हातचीं चार पत्रें उघडून पाहिलीं तर एकाच माणसाचें नांव तीन तऱ्हांनीं लिहिलेलें सांपडत नाहीं काय? उलट, नांवाचें रूप जुळलें असतें तरी पत्र खरें ठरलें नसतें. बनावट करणारा पहिली काळजी नांवाचीच घेतो. अशा कागदाची परीक्षा कागदाची जात, शाई, निःसंशय अस्सल अक्षराशीं तुलना, तुरुंगाच्या आवक-जावक वहींतील क्रमांक, पृष्ठभागावरील शेरे आणि पत्रास गेलेलें उत्तर या सर्वांनीं व्हावयास पाहिजे. दोन्ही बाजूंनीं आधीं निर्णय घेतला व मग कागद पाहिला. एवढ्या मोठ्या पक्षाचें भवितव्य ज्या परीक्षेवर लटकलें, ती परीक्षा आपल्या मंडळाच्या एखाद्या पाक्षिक सभेंत जितक्या काळजीनें झाली असती तितक्याही काळजीनें झाली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

स्थापनेच्या तिथीचा वादही याच जातीचा. एक पक्ष १९२० च्या ऑक्टोबरांतील ताश्कंदची बैठक धरतो, दुसरा १९२५ च्या डिसेंबरांतील कानपूरची परिषद. दुभंगानंतरच्या दोन पक्षांनीं दोन तिथी वांटून घेतल्या आहेत, त्यामुळें या वादांत आतां इतिहास थोडा व अभिमान फार उरला आहे. त्यांत पडण्याचें आम्हांस कारण नाहीं.

स्वातंत्र्यानंतर न्यायासनाचा या विषयाशीं जो संबंध आला तो तर रूढ विधानाच्या अगदीं उलट दिशेचा. मुंबईंत निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारनें आपल्या प्रांतांत मज्जाव केला, तो सुप्रीम कोर्टानें मे १९५० मध्यें रद्द केला. त्याच सरकारनें १९५० सालीं ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ ही संस्था बेकायदा ठरविली होती, आणि तीही त्याच १९०८ च्या कायद्याखालीं, मद्रासच्या दुरुस्तीसह. ३१ मार्च १९५२ रोजीं मुख्य न्यायाधीश पतंजलि शास्त्री यांनीं ती दुरुस्ती घटनाविरुद्ध ठरविली. केवळ सरकारच्या मतावर, न्यायासनाच्या चौकशीवांचून, संघटनेचें स्वातंत्र्य काढून घेतां येत नाहीं, हें त्या निकालाचें सार. १९६७ च्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत संस्था बेकायदा ठरविल्यावर तो ठराव हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणापुढें नेण्याची तरतूद आली. त्या न्यायाधिकरणांचें कार्य कसें चाललें हा स्वतंत्र विषय आहे. कोर्टानें खरोखरच पक्ष बंद केल्याचें उदाहरण हवें असेल तर जर्मनींत जावें लागेल. पश्चिम जर्मनीच्या सरकारनें १९५१ सालीं तेथील कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध अर्ज केला. कार्लस्रूहे येथील घटनाविषयक न्यायालयानें जवळजवळ पांच वर्षें घेऊन १७ ऑगस्ट १९५६ रोजीं पक्ष घटनाविरोधी ठरवून विसर्जित केला. तेथें पक्ष स्वतः प्रतिवादी होता, त्याचे वकील बोलले, आणि आज्ञा पक्षासच उद्देशून होती. ती आज्ञा योग्य होती कीं नाहीं याविषयीं मतभेद होवोत; ज्या पक्षास १९५३ च्या निवडणुकींत शेंकडा अडीच मतेंही पडलीं नव्हतीं, त्याची धास्ती कोणास वाटावी हेंच आम्हांस उमगत नाहीं. परंतु तेथें विधि न्यायासनाचा होता. आपल्याकडे तो गॅझेटाचा होता.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. १९३४ चा जाहीरनामा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आमच्या भागांत त्या वेळीं करवीर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशीं संस्थानें आणि सातारा, बेळगांव हे खालसा जिल्हे एकमेकांत गुंतलेले होते. एका गांवीं जो कागद बाळगणें धोक्याचें, तोच दोन कोसांवरच्या दुसऱ्या गांवीं त्या जाहीरनाम्याच्या कक्षेबाहेर. मुंबईच्या गिरण्यांत कोंकण व घांटावरचीं माणसें असत, आणि संपाच्या दिवसांत तीं गांवीं परतत. म्हणून त्या काळचीं हस्तपत्रकें, पावत्या, ‘क्रांति’चे अंक मुंबईपेक्षां संस्थानी मुलखांतल्या घरांत राहिले असण्याचा संभव अधिक, असा आमचा तर्क होता. १८१८ नंतरच्या कागदास ‘रद्दी’ म्हणणारे आमचे कांहीं स्नेही यावर हंसले. पेशवाईतील वाण्याची यादी जे जपून ठेवितात, त्यांनीं संपाच्या वेळची धान्यवाटपाची पावती फेंकून द्यावी, याची उपपत्ति त्यांनींच लावावी.

हा तर्क कसास लावण्याचा एक प्रसंग आम्हांस आला. येथील एका पेठेंत अमरकोशाची एक हस्तलिखित पोथी पाहावयास गेलों असतां घरच्या वृद्ध गृहस्थांनीं सहज सांगितलें कीं, त्यांचे चुलते मुंबईस गिरणींत होते, आणि संपानंतर घरीं येतांना त्यांनीं छापील कागदांची एक चवड आणिली होती. आम्ही उत्सुकतेनें चौकशी केली. गृहस्थ म्हणाले, “आजीनें सगळे बंबांत घातले. मुंबईस धरपकड झाल्याचें कानावर आलें होतें ना.” कायद्याची हद्द संस्थानच्या शिवेवर थांबत होती, भीति मात्र शीव ओलांडून आली होती. पोथी बघतां बघतां तिच्या खालच्या लांकडी फळीवर आंतून चिकटविलेला एक तांबड्या कागदाचा तुकडा दिसला. फळी खरखरीत म्हणून कोणी तरी खळीनें तो लाविला असावा. त्यावर सभेची वेळ, ‘गिरणी काम’ एवढीं अक्षरें आणि छापखान्याच्या नांवाची अर्धी ओळ राहिली आहे. पोथी घेणाऱ्या गृहस्थांस आम्ही विनंती केली आहे कीं फळी साफ करूं नये.